गियर कोणीं बदलावा?

आपोआप गियर बदलणारी मोटार घरीं आली, म्हणजे पहिल्या रविवारीं सारें कुटुंब तिच्यांत बसून फेरफटका करून येतें, शेजारपाजारचीं माणसें आंत डोकावतात, आणि कोणीतरी हटकून विचारतो, "मग आतां डाव्या पायानें काय करावयाचें?" करावयाचें कांहींच नाहीं, हेंच या मोटारीचें मोठेपण. क्लचची पायपट्टी तिच्यांत नसते. दांडा एकदां पुढें जाण्याच्या खुणेवर ओढला, कीं उजव्या पायाखेरीज गियरसाठीं कोणत्याहि अवयवाला श्रम पडूं नयेत अशी तिची योजना असते. परंतु त्याच दांड्याच्या शेजारीं 'अधिक' आणि 'उणें' अशीं दोन चिन्हें पुष्कळदां दिसतात. मोटार जरा दमदार इंजिनाची असली, तर हातांतील स्टिअरिंगच्या पाठीमागें डाव्या-उजव्या बाजूंस दोन चिमुकल्या पट्ट्याहि बसविलेल्या असतात. उजवी ओढली कीं गियर एक पायरी वर जातो, डावी ओढली कीं एक पायरी खालीं येतो. हाताचे कष्ट वांचावेत म्हणून ज्या गृहस्थानें जास्तीचे पैसे मोजले, त्यालाच पुनः हातानें गियर बदलण्याचें साधन कारखानदारानें कां द्यावें?

घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, ही नुसती शोभा आहे. तरुण मंडळी म्हणतात, ही शर्यतीची सोय आहे. दोघांच्याहि म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. पण ज्या कामासाठीं या पट्ट्या खरोखर मोलाच्या ठरतात, तें काम दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं. तें पाहावयाचें असेल तर भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्यानें करंजी घाटापर्यंत जावें. तत्पूर्वीं मात्र गियर म्हणजे काय आणि तो आपोआप कसा बदलतो, याची थोडी उजळणी केली पाहिजे.

मोटारीचें इंजिन मोठें हट्टी असतें. मिनिटाला सात-आठशें फेऱ्यांच्या खालीं तें धड चालत नाहीं, सहा-साडेसहा हजारांच्या वर त्याला नेणें धोक्याचें असतें, आणि या दोहोंमधील एका टापूंतच त्याचें बळ पुरतेपणीं प्रगट होतें. चाकांना मात्र शून्यापासून ताशीं शंभर किलोमीटरपर्यंतचे सर्व वेग हवे असतात. या दोघांची सोयरीक जुळवून देणारा मध्यस्थ म्हणजे गियर. खालच्या गियरमध्यें चाक हळू फिरतें पण जोरानें फिरतें; वरच्या गियरमध्यें वेग मिळतो पण जोर घटतो. एका गियरमधून दुसऱ्यांत जातांना इंजिन आणि चाकें यांची जोडणी क्षणभर तोडून पुनः जोडावी लागते. तें काम क्लचचें.

हें काम यंत्राकडे सोंपविण्याच्या आज मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेंत क्लचच्या जागीं तेल असतें. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक विजेवर फिरविला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा आपसुक फिरूं लागतो. तसाच येथें इंजिनाचा पंखा तेलाला ढकलतो आणि तेल चाकांकडील पंख्याला ढकलतें. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानें 1905 सालीं ही कल्पना जहाजांसाठीं काढली. मोटारींनीं ती पुढें उचलली. दुसऱ्या तऱ्हेंत तेलाच्या पंख्याऐवजीं दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा असे विषम गियर; दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा असे सम गियर. मोटार तिसऱ्यांत धांवत असतांनाच चौथा जुळवून ठेवलेला असतो. पंगतींत एक वाढपी भात वाढीत असतां दुसरा वरणाचें भांडें घेऊन त्याच्या पाठीशीं उभा असावा, तसा हा प्रकार. एक क्लच सुटतो, दुसरा लागतो, आणि बसलेल्यांना हिसका कळतहि नाहीं. याखेरीज साध्याच गियरपेटीवर यंत्राचा हात बसविण्याची एक स्वस्त तऱ्हा आहे, आणि 2014 पासून आपल्या देशांत तिचा मोठा प्रसार झाला. पण ती मंदगतीची असल्यामुळें दमदार मोटारींच्या गोष्टींत तिचें फारसें काम नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांना या दोन-क्लची मोटारींची ओळख दूर जाऊन करून घ्यावी लागली नाहीं. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगन कंपनीच्या कारखान्यांतून 2013 सालीं 'पोलो जीटी टीएसआय' ही मोटार बाहेर पडली. इंजिन अवघें 1.2 लिटरचें, पण 105 अश्वशक्तीचें, आणि त्याला सात गियरांची दोन-क्लची पेटी. लहान कुटुंबाच्या मोटारीला असें इंजिन आणि अशी पेटी मिळावी, याचें त्या काळीं मोठें अप्रूप होतें. त्याच कारखान्यांतून 2022 सालीं 'व्हर्टस जीटी' आली. तिचें इंजिन दीड लिटरचें आणि 150 अश्वशक्तीचें, पेटी पुनः सात गियरांची, आणि स्टिअरिंगमागें त्या दोन पट्ट्या. मध्यम वर्गाच्या घरांत शर्यतीचें उपकरण शिरलें तें अशा मार्गानें.

आतां मुद्द्याची गोष्ट. या पेटीचा संगणक आंधळा असतो. हें विधान अन्यायाचें वाटेल, कारण त्याला पुष्कळ गोष्टी कळतात. चाकें किती वेगानें फिरतात, इंजिनाचे फेरे किती, उजवा पाय किती दाबला आणि किती घाईनें दाबला, ब्रेक लावला आहे काय, तेल किती तापलें आहे, हें सारें तो एका सेकंदांत अनेक वेळां तपासून पाहतो. कित्येक मोटारींत चढ-उतारहि त्याला ओळखतां येतो. पण हें सर्व ज्ञान घडून गेलेल्या आणि घडत असलेल्या गोष्टींचें आहे. समोर शंभर पावलांवर आडवें वळण आहे, वळणापलीकडे एस.टी. बंद पडून उभी आहे, किंवा पुढील ट्रॅक्टर आतां डावीकडे सरकत असून दोन क्षणांनीं वाट मोकळी होणार आहे, यांपैकीं कांहींच त्याला दिसत नाहीं. तें दिसतें फक्त चालविणाऱ्याला. या नियमाला थोडे अपवाद निघाले आहेत. 2013 सालच्या रोल्स-रॉईस 'रेथ' मोटारींत उपग्रहाच्या साह्यानें पुढील रस्त्याचें वळण जाणून गियर निवडण्याची सोय केली होती. परंतु उपग्रहाला नकाशा ठाऊक असतो. रस्त्यांत बसलेली म्हैस ठाऊक नसते.

म्हणून हस्तबदलाच्या पट्ट्यांचें खरें काम हातचलाखीचें नाहीं, तर दूरदृष्टीचें आहे. चालविणाऱ्याला जें पुढें दिसतें तें यंत्राला आगाऊ कळविण्याचा तो मार्ग आहे. ही कल्पना जुनीच आहे. 1930 नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील डेमलर मोटारींत आणि ई.आर.ए. या शर्यतीच्या मोटारींत विल्सन यांची पूर्वनिवडीची गियरपेटी असे. चालविणारा वळण येण्यापूर्वींच लहानशा दांडीनें पुढचा गियर नेमून ठेवी, आणि वेळ येतांच पायपट्टी दाबी. बाकीचें काम पेटी करी. पुढें 1989 सालीं फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींत जॉन बर्नार्ड यांनीं गियरचा दांडाच काढून टाकला आणि स्टिअरिंगमागें पट्ट्या बसविल्या. त्या मोटारीनें ब्राझीलमधील आपली पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेल यांच्या हातीं जिंकली, आणि तेव्हांपासून शर्यतींच्या जगांत दांड्याचे दिवस भरले. घरगुती वापराच्या आपोआप पेटीला 'अधिक-उणें' ची जोड देण्याचा मान बहुतेक पोर्शेच्या 'टिपट्रॉनिक' पेटीकडे दिला जातो. ती 1990 सालच्या 911 मोटारींत होती. शर्यतीच्या मोटारींतून घरच्या मोटारींत उतरलेलें वाण असा या पट्ट्यांचा लौकिक झाला, आणि त्यांच्या खऱ्या उपयोगावर पडदा पडला.

नगरकरांना हा विषय परका वाटावयाचें कारण नाहीं. 2024 सालापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखलें जाणारें अहिल्यानगर आणि त्याला लागून असलेलें भिंगार, हीं दोन्हीं गांवें छावणीच्या सावलींत वाढलीं. 1948 पासून लष्कराच्या चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र येथें आहे. 1994 सालीं उघडलेलें रणगाड्यांचें संग्रहालय येथें आहे. आणि लष्करी वाहनांची पारख करणारी संशोधनसंस्था, तिच्या चांचणीच्या रस्त्यांसह, येथेंच आहे. आपोआप गियर बदलणारीं यंत्रें घरगुती मोटारींतून रणांगणावर फार लवकर गेलीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. अमेरिकेंत 1940 सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत 'हायड्रा-मॅटिक' नांवाची पेटी प्रथम आली. आणि लवकरच एम-5 स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यांत दोन कॅडिलॅक इंजिनें व प्रत्येकास एक हायड्रा-मॅटिक पेटी बसविण्यांत आली. 1 नोव्हेंबर 1948 रोजीं सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला खिंडींत शिरले, ही तर आपल्या सैन्याच्या इतिहासांतील अभिमानाची गोष्ट आहे.

या दलांतील साध्या शिपायाला आजहि 'सवार' म्हणतात आणि एका दर्जाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला 'रिसालदार'. घोडे गेले, पदव्या राहिल्या. ही केवळ परंपरेची हौस नाहीं, असें गियरच्या या प्रश्नाकडे पाहतांना वाटूं लागतें. सायकल आणि घोडा यांत भेद असा, कीं सायकलीला स्वतःचें मत नसतें. घोड्याला असतें. पाय कोठें टाकावा हें तो जाणतो. दगड कोठला आणि खळगा कोठला हें सवाराच्या आधीं त्याला समजतें. तरीहि लगाम सवाराच्या हातांत असतो, कारण जावयाचें कोठें हें घोड्याला माहीत नसतें. जो सवार पावलोपावलीं लगाम ओढतो त्याचा घोडा बिचकतो, आणि जो लगाम सोडूनच देतो तो घोड्याच्या मर्जीनें जातो. साध्या गियरची मोटार ही सायकल आहे. पट्ट्यांची आपोआप मोटार हा घोडा आहे.

आतां भिंगारहून निघावें. नवरात्रांत मोहटादेवीच्या दर्शनाला किंवा एरव्हीं मढीच्या कानिफनाथाला जाणारीं कुटुंबें याच रस्त्यानें जातात. गांव मागें पडलें, कीं डोंगरावरील तो तीन मजली अष्टकोनी घुमट दिसूं लागतो. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात. वास्तविक ती सलाबतखानाची कबर आहे. (चांदबीबीचें नांव या जिल्ह्यांत इतकें प्रिय आहे, कीं तिच्या नांवें एक इमारत अधिक झाली तरी कोणाची तक्रार नसते.) येथवरच्या सपाट रस्त्यावर पट्ट्यांना हात लावण्याचें कारण नाहीं. यंत्र आपल्या मतानें सहाव्या-सातव्या गियरमध्यें जातें, इंजिन शांत राहतें, पेट्रोल वांचतें. येथें जो गृहस्थ टकटक पट्ट्या ओढीत बसतो, तो केवळ बोटांना व्यायाम देतो.

पहिला प्रसंग येतो तो उसाच्या ट्रॉल्यांचा. गळीत हंगामांत एका ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या ताशीं पंधरा-वीस किलोमीटरनें सरकत असतात. मागील मोटार त्यांच्या वेगानें रांगूं लागते, यंत्राला वाटतें कीं निवांत चाललें आहे, आणि तें जमेल तितका वरचा गियर धरून बसतें. समोरची वाट मोकळी झाली म्हणून चालविणारा पाय दाबतो. तेव्हां यंत्र दचकून जागें होतें, किती पायऱ्या उतरावयाच्या याचा हिशेब करतें, खालचा गियर लावतें आणि मग मोटार उसळते. हा विलंब फार तर अर्ध्या-एक सेकंदाचा. पण तो नेमका समोरच्या बाजूला गेल्यावर येतो. ज्याला पट्टीचा उपयोग माहीत आहे तो वाट मोकळी होण्याच्या आधींच, ट्रॉलीच्या मागें असतांना, डावी पट्टी दोनदां ओढून इंजिन जागें ठेवतो. वाट मोकळी झाली तर मोटार पाय दाबतांक्षणीं पुढें जाते. समोरून वाहन आलें तर कांहींच बिघडत नाहीं, थोडें पेट्रोल जास्त जळतें इतकेंच. रात्रीं हें साहस टाळलेलेंच बरें, कारण पुष्कळ ट्रॉल्यांच्या पाठीस दिवा नसतो आणि एकीच्या पुढें दुसरी आहे हें कळतच नाहीं.

दुसरा प्रसंग घाटाच्या चढाचा. वळणापूर्वीं चालविणारा पाय उचलतो. यंत्राला वाटतें, याला आतां जोर नको. तें वरचा गियर घेतें. वळण संपतांच चालविणारा पाय दाबतो. यंत्र पुनः खालीं येतें. प्रत्येक वळणावर ही वर-खालीं धांवपळ चालते, आणि मागें बसलेल्या मुलांना मळमळूं लागतें तें पुष्कळदां यामुळेंहि. तिसरा किंवा दुसरा गियर हातानें धरून ठेवला, तर सारा चढ एका सुरांत संपतो. मात्र गियर उतरवावयाचा तो वळणाच्या आधीं, मोटार सरळ असतांना. ऐन वळणांत, विशेषतः ओल्या रस्त्यावर, एकदम खालीं आणला तर चाकांची पकड सुटण्याचें भय असतें.

आणि तिसरा प्रसंग उताराचा. जातांना म्हणा, येतांना म्हणा, एका खेपेस घाट उतरावा लागतोच, आणि सगळ्या विषयाचें मर्म येथें आहे. कुटुंबासह मोटारीचें वजन 1,600 किलो धरलें आणि ती शंभर मीटर खालीं उतरली, तर त्या उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते तिनें साधारण पांच लिटर पाण्याला आधण येईल. ही उष्णता कोठें तरी जाणारच. केवळ ब्रेकच्या बळावर घाट उतरणारा मनुष्य पांच लिटर पाणी उकळण्याइतकी उष्णता चार चाकांपाशीं असलेल्या हातभर तबकड्यांत कोंबीत असतो, आणि मोठ्या घाटांत ही उतरण शंभर नव्हे, पांच-सहाशें मीटरांची असते. तबकड्या तापतात, त्यांवर घासणाऱ्या पट्ट्यांची पकड ढिली होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचें तेल उकळूं लागतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. नव्या डॉट-4 तेलाचा उत्कलनबिंदु निदान 230 अंश असावा असा दंडक आहे, आणि ओलावा शोषल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरलेला चालतो. तेलांत वाफ झाली, कीं ब्रेकची पायपट्टी पोकळ होऊन तळाशीं जाते आणि मोटार थांबत नाहीं. म्हणूनच दर दोन वर्षांनीं हें तेल बदलण्याचा सल्ला पुष्कळ कारखाने देतात, आणि तितकीच पुष्कळ कुटुंबें तो विसरतात.

बैलगाडी उतरणीला लागली, म्हणजे बैल मागें रेलून गाडी पेलतात. मोटारीचें इंजिन हें काम करूं शकतें, पण खालच्या गियरमध्यें असेल तरच. समजा, ताशीं ऐंशीच्या वेगाला सातव्या गियरमध्यें इंजिनाचे फेरे 1,700 आहेत. त्याच वेगाला चौथ्यांत ते 3,300 च्या आसपास होतात. पाय उचललेला असतांना बंद पडद्यापलीकडून हवा ओढण्याचे कष्ट इंजिनाला पडतात; फेरे जितके अधिक तितके हे कष्ट अधिक, आणि तितकी मोटार मागें खेंचली जाते. आपोआप यंत्राची खोड अशी, कीं पाय उचललेला पाहून पुष्कळदां तें वरचा गियर घेतें, म्हणजे बैलाला नेमका उतारावरच मोकळा सोडतें. उतार ओळखणारीं नवीं यंत्रें थोडें शहाणपण दाखवितात, पण तें उतार लागल्यावर, लागण्यापूर्वीं नाहीं. म्हणून घाटाच्या माथ्यावरच डावी पट्टी ओढून तिसरा गियर घ्यावा आणि ब्रेक मधून मधून, थोडा वेळ पण नेटानें लावावा. ज्या गियरमध्यें घाट चढावा त्याच गियरमध्यें उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आपोआप मोटारीलाहि लागू आहे.

याच्या नेमकें उलट वागणारे लोक मात्र घरोघर आढळतात. उतार आला कीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकावयाची आणि पेट्रोल वांचविलें म्हणून समाधान मानावयाचें. पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर वारंवार जे भयंकर अपघात झाले, त्यांच्या संदर्भांत अवजड वाहनें न्यूट्रलमध्यें सोडण्याच्या या खोडीचा उल्लेख पुनः पुनः झालेला आहे. गंमत अशी, कीं आजच्या इंजिनांत त्यानें बचतहि होत नाहीं. गियरमध्यें असतांना उतारावर पाय उचलला, तर इंजिनाचें पेट्रोल संगणक पुरतें बंद करतो, कारण चाकेंच इंजिनाला फिरवीत असतात. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठीं पेट्रोल द्यावेंच लागतें. चार पैसे वांचविण्याच्या नादांत चार पैसे अधिक खर्चून जीव धोक्यांत घालावयाचा, असा हा व्यवहार आहे.

येथें एक शंका पुष्कळांना येते. हातानें गियर उतरवितांना चूक झाली तर? ताशीं शंभरनें धांवतांना कोणीं चुकून पहिला गियर मागितला तर इंजिनाच्या ठिकऱ्या उडणार नाहींत काय? उडणार नाहींत, कारण यंत्र तो देतच नाहीं. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें, तर साध्या मोटारीचा दांडा आज्ञार्थी असतो आणि या पट्ट्या विध्यर्थी असतात. 'गियर उतर' असें त्या म्हणत नाहींत. 'उतरावा' इतकेंच सुचवितात. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जातील असें दिसलें तर यंत्र मुकाट्यानें नकार देतें. उलट मोटार फार हळू झाली, तर न विचारतां खालचा गियर घेतें. फेरे लाल रेघेपर्यंत पोंचले तर बहुतेक घरगुती मोटारी स्वतःच वरचा गियर लावतात. कांहीं थोड्या कडव्या मोटारी मात्र चालविणाऱ्याची मर्जी राखून तेथेंच थांबतात. शिवाय गियर उतरवितांना इंजिनाचे फेरे आधीं थोडे वाढवून मग जोडणी करण्याची जी कला जुने चालक 'डबल क्लच' म्हणून वर्षानुवर्षें घोटीत, ती आतां यंत्र एका सेकंदाच्या अंशांत साधतें. ही चूक यंत्र पोटांत घालतें. पण वळणाचा अंदाज चुकला, तर ती चूक पोटांत घालण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं.

दोन-क्लची पेटीच्या धन्यानें आणखी एक पथ्य पाळावें. चढावर गर्दींत थांबतांना ब्रेक न लावतां, उजव्या पायानेंच मोटार जागच्या जागीं तोलून धरण्याची संवय पुष्कळांना असते. तेलाच्या पंख्याच्या पेटीला त्यानें तेल तापण्यापलीकडे फारसें होत नाहीं. कोरड्या क्लचच्या पेटींत मात्र क्लच अर्धवट घासत राहतो, जळका वास येऊं लागतो, आणि पुढें मोठें बिल येतें. थांबावयाचें असेल तर ब्रेक लावून थांबावें.

राहिली गोष्ट वेगाच्या हौसेची. मोकळा बाह्यवळण रस्ता दिसला, कीं पट्ट्या ओढून इंजिनाचा आवाज चढवीत जाणारे तरुण सर्वत्र दिसतात. सरळ रस्त्यावर अधिक वेग घेण्यासाठीं पट्ट्यांचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. गियर केव्हां बदलावा याचा गणिती क्षण यंत्राला माणसाहून चांगला कळतो, आणि तो तें मानवी बोटाहून चपळतेनें साधतें. अशा वेळीं हस्तबदल करणारा मनुष्य आपल्या मोटारीला किंचित् मंदच करीत असतो. मिळतो तो केवळ आवाज. तो आनंद खोटा आहे असें नाहीं, परंतु तो बंद शर्यतमार्गावर शोभतो. शाळा सुटल्यावर मुलें ज्या रस्त्यानें सायकलीवरून घरीं जातात तेथें नाहीं.

विजेच्या मोटारी आल्या, आतां गियरच उरले नाहींत, मग ही चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. पण पट्ट्या गेलेल्या नाहींत. 2023 सालच्या टाटा नेक्सॉनच्या विजेरी रूपांत स्टिअरिंगमागें त्या पुनः दिसूं लागल्या. त्यांनीं गियर बदलत नाहीं. पाय उचलल्यावर मोटारीनें स्वतःला किती मागें रेटावें आणि त्या रेट्यांतून बॅटरींत किती वीज परत भरावी, तें बदलतें. म्हणजे वेगाचें काम गेलें आणि उताराचें काम राहिलें. तेथेंहि एक गोष्ट मोटार घेणाऱ्यानें विक्रेत्याकडून समजून घ्यावी. बॅटरी शिगोशीग भरलेली असली, तर परतीची वीज ठेवावयास तिच्यांत जागा नसते आणि हा रेटा फार क्षीण होतो. महाबळेश्वरच्या मुक्कामांत रात्रभर मोटारीला वीज देऊन सकाळीं पसरणीचा घाट उतरून वाईला यावयाचें असेल, तर बॅटरी आदल्या रात्रीं थोडी रिकामी ठेवावी.